कुस्कोमध्ये दोघांनी काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूला निघालेल्या मराठी जोडप्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी पुण्या-मुंबईहून हनिमूनला निघालेलं असतं, कुणी अमेरिकेतून लग्नाच्या वाढदिवसाला. बहुतेकांच्या कार्यक्रमात कुस्को म्हणजे माचू पिक्चूच्या आधी बॅगा टाकायची जागा असते. माझा आग्रह नेमका उलटा आहे. या शहराला निदान दोन मोकळ्या संध्याकाळी द्या, आणि त्या संध्याकाळी संथपणे घालवा.

१. कुस्को नेमकं कुठे आहे, आणि दोघांनी मुद्दाम जावं असं तिथे काय आहे?

पेरूच्या दक्षिण भागात, अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर. ही इंका साम्राज्याची राजधानी. १५३३ साली स्पॅनिश फौज इथे शिरली. पुढे त्यांनी इंकांचे वाडे आणि देवळं पाडली, पण दगडी भिंती पुष्कळ ठिकाणी तशाच ठेवून त्यांच्यावर आपली घरं आणि चर्चं चढवली. १९५० च्या भूकंपात वरचं स्पॅनिश बांधकाम ठिकठिकाणी कोसळलं, खालच्या इंका भिंती मात्र जागच्या हलल्या नाहीत. १९८३ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

दोघांसाठी सगळ्यात मोठी सोय म्हणजे जुनं शहर पायी फिरता येतं. प्लाझा दे आर्मास हा मुख्य चौक. तिथून हातुन रुमियोक नावाच्या अरुंद गल्लीने वर गेलं की सान ब्लास ही कारागिरांची वस्ती लागते. गल्लीच्या एका बाजूला इंकांची अखंड भिंत आहे. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड तिच्यातच बसवलेला आहे. शेजारच्या दगडांशी तो चुन्याशिवाय इतका घट्ट बसलाय की मध्ये सुरीचं पातं जात नाही. हात लावायला मनाई आहे, जवळ उभं राहून बघायला नाही.

२. किती दिवस द्यावेत? व्हिसाचं काय?

माचू पिक्चू धरून पाच दिवस ठीक, सहा असतील तर निवांत. त्यातल्या दोन संध्याकाळी फक्त शहरासाठी ठेवा. पहिला दिवस हिशेबात धरू नका, कारण प्रश्न ४ मध्ये आहे.

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने चालू राहणारा व्हिसा किंवा तिथला कायम निवास असेल, तर सूट आहे. नियम बदलू शकतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पेरूच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा.

३. कोणता महिना सगळ्यात रोमँटिक? व्हॅलेंटाइन डेला गेलो तर?

मे ते सप्टेंबर हा कोरडा काळ. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा तिथे आभाळ निळंशार असतं. दिवसा स्वेटर काढावासा वाटतो, रात्री जून-जुलैत पारा शून्याच्या खाली जातो. माझी पसंती मे महिन्याला: पाऊस नुकताच सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि गर्दी वाढायची असते. २४ जूनला इंती रायमी, म्हणजे सूर्याचा उत्सव असतो. तो बघण्यासारखा आहे, पण त्या आठवड्यात हॉटेलं भरलेली असतात आणि दोघांना निवांत कोपरा मिळणं कठीण जातं.

जानेवारी-फेब्रुवारी हे भर पावसाचे महिने. इंका ट्रेल ही माचू पिक्चूला जाणारी पायवाट फेब्रुवारीत बंदच असते. १४ फेब्रुवारी तिथेही साजरा होतो, पण तेव्हा कार्निव्हलचे दिवस असतात आणि रस्त्यात पाण्याचे फुगे नि फेस अंगावर येतो. आपल्या धुळवडीची सवय असलेल्यांना त्यात मजाच वाटेल, फक्त चांगले कपडे घालून बाहेर पडू नका.

आणखी एक तारीख सांगतो: २४ डिसेंबर. त्या दिवशी मुख्य चौकात सांतुरांतिकुय नावाचा बाजार भरतो. कारागीर हाताने घडवलेल्या मूर्ती आणि लाकूडकाम घेऊन बसतात. हातात हात घालून एकेका पथारीपाशी रेंगाळण्यात अख्खा दिवस जातो.

४. पोहोचलो त्याच संध्याकाळी मस्त डिनर ठरवू का?

नको. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

कुस्कोची उंची जवळपास लेहइतकी आहे. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. लिमाहून विमानाने सव्वा-दीड तासात तुम्ही एकदम वर येता, शरीराला सरावायला वेळच मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, रात्री झोप मोडणं हे धट्ट्याकट्ट्या माणसालाही होतं. स्थानिक लोक याला सोरोचे म्हणतात. पहिल्या संध्याकाळी जड जेवण आणि दारू घेतली तर पुढचे दोन दिवस खोलीत जातात.

पहिल्या दिवशीचा बेत असा ठेवा: दुपारी आडवं व्हा, भरपूर पाणी प्या, चारच्या सुमारास खाली उतरून चौकातल्या बाकावर बसा, गरम सूप घ्या आणि नऊला झोपा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स (अॅसिटाझोलामाइड) ही गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, विशेषतः सल्फाची अॅलर्जी असेल तर. विश्रांती घेऊनही धाप थांबत नसेल, खोकला वाढत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल, तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा आणि खाली उतरा.

याहून चांगली युक्ती आहे. विमानतळावरून थेट सेक्रेड व्हॅलीत, म्हणजे उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरा. तिथलं ओयान्तायताम्बो गाव सुमारे २,८०० मीटरवर आहे आणि माचू पिक्चू त्याहून खाली, २,४३० मीटरवर. आधी खोरं, मग माचू पिक्चू, शेवटी कुस्को असा क्रम लावला तर कुस्कोच्या संध्याकाळी तुम्ही दोघंही ताजेतवाने असाल.

५. पैसे न घालवता एक छान संध्याकाळ सुचवा.

साडेचारला कोरिकांचाच्या समोरच्या हिरवळीपाशी या. हे इंकांचं मुख्य सूर्यमंदिर. भिंतींना सोन्याचे पत्रे होते, ते स्पॅनिशांनी उपसून नेले आणि वर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. आतल्या बाजूला सूर्याच्या दालनाशेजारी त्याच्या जोडीदारणीचं, चंद्रदेवी मामा किय्याचं दालन होतं. आत जायला तिकीट लागतं, पण इंकांची गोलाकार काळी भिंत आणि तिच्यावरचं चर्च बाहेरूनच उत्तम दिसतं.

तिथून लोरेतो गल्लीने चौकात या. दोन्ही बाजूंना इंका भिंती आणि मध्ये जेमतेम तिघं शेजारी चालतील एवढी वाट. मग चौकातून सान ब्लासच्या दिशेने वर, आणि सिएते बोर्रेगितोस या पायऱ्यांच्या फुलझाडं लावलेल्या गल्लीने सापान्तियानापर्यंत. तिथे वसाहतकाळातला एक छोटा कमानींचा जलसेतू आहे. मुख्य चौकातली गर्दी इथवर फारशी येत नाही. अंधार पडायच्या आत परत फिरा (प्रश्न १४).

परतताना एमोलिएन्तेची गाडी दिसली तर थांबा. सातू, जवस आणि औषधी पाल्याचा हा गरम काढा आहे. गाडीवाली बाई एका हातातल्या भांड्यातून दुसऱ्या हातातल्या पेल्यात उंचावरून धार सोडते, परत उलट ओतते आणि वरून लिंबू पिळते. जवसामुळे तो जरा बुळबुळीत लागतो, पण थंडीत दोन्ही हातांत तो पेला धरायला जे सुख आहे ते मिळवायला चार नाणी पुरतात.

६. सूर्यास्त कुठून बघावा?

सान क्रिस्तोबाल चर्चच्या पटांगणातून. चौकातून पायऱ्यांचा चढ आहे, थांबत थांबत गेलात तर वीसेक मिनिटं. समोर लाल कौलांचं अख्खं शहर आणि मधोमध चौक. सूर्य वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. मावळल्यावर लगेच उठू नका, अर्ध्या तासात डोंगरउतारांवर दिवे लागतात, ते जास्त सुंदर दिसतं. मग काळोख दाटायच्या आत खाली या (प्रश्न १४). थंडी मात्र झपाट्याने पडते, जाकीट बरोबर हवंच.

आणखी उंचावर क्रिस्तो ब्लांको हा पांढरा ख्रिस्ताचा पुतळा आहे. कुस्कोत आसरा मिळालेल्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी १९४५ मध्ये कृतज्ञता म्हणून तो शहराला दिला. दृश्य आणखी विस्तीर्ण, पण जाताना-येताना टॅक्सी करा.

७. नेमका पाऊस लागला तर?

पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून बाहेरचं सगळं सकाळी उरका. दुपारी चॉकलेटची कार्यशाळा घ्या. कुस्को प्रांतातच खाली ला कोन्व्हेन्सियोनच्या उष्ण दऱ्यांत चुन्चो जातीचा कोको पिकतो. बिया भाजणं, सालं काढणं, पाट्यावर वाटणं आणि शेवटी आपापल्या साच्यात ओतणं, यात दोनेक तास जातात. वाटायची पाळी दोघांवर येते.

संध्याकाळी सेन्त्रो कोस्को दे आर्ते नातिवोमध्ये लोकनृत्यं असतात. १९२४ मध्ये स्थापन झालेली ही जुनी संस्था आहे, आणि पर्यटक तिकिटात (प्रश्न १३) तिचा प्रवेश धरलेला असतो.

८. कुस्कोत एखाद्या प्रेमकथेची जागा आहे का? आपल्या बाजीराव-मस्तानीसारखी?

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही एकाच चौकातल्या.

चौकातल्या ला कोम्पानिया या जेझुइट चर्चमध्ये दाराजवळ लग्नाचं एक भलंमोठं चित्र आहे. इंका राजकन्या बेआत्रिस आणि स्पॅनिश कप्तान मार्तिन गार्सिया दे लोयोला. तिच्या अंगावर इंका पोशाख आणि त्याच्या अंगावर स्पॅनिश, मागे तिचे राजवंशातले नातलग. गाइड बरेचदा हे दोन संस्कृतींचं मीलन म्हणून दाखवतात. पण १५७२ मध्ये शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याला पकडून आणणारा कप्तान हाच, आणि तुपाक आमारू बेआत्रिसचा सख्खा चुलता. त्याचा शिरच्छेद याच चौकात झाला. बेआत्रिसचा हात आणि तिची जहागीर हे कप्तानाला मिळालेलं बक्षीस होतं. चित्र जरूर बघा, पण ते प्रेमाचं चित्र नाही हे माहीत असू द्या.

मला हवीशी वाटते ती दुसरी गोष्ट. १७८० मध्ये तुपाक आमारू दुसरा याने स्पॅनिशांविरुद्ध बंड केलं. त्याची बायको मिकाएला बास्तिदास मागे राहून शस्त्रं, धान्य, माणसं आणि निरोप यांची सगळी व्यवस्था बघत होती. तिची नवऱ्याला लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत ती त्याला ‘चेपे’ म्हणते आणि डिसेंबरात तर चांगलंच खडसावते, की कुस्कोवर चालून जायला उशीर करतो आहेस, याने आपण सगळे मरू. तिचं म्हणणं खरं ठरलं. १८ मे १७८१ रोजी दोघांनाही, त्यांच्या मोठ्या मुलासह, या चौकात ठार मारण्यात आलं. बाकावर बसून आइस्क्रीम खाताना एवढं माहीत असलं तर चौक निराळा दिसतो.

९. आम्ही शाकाहारी आहोत. कॅंडल-लाइट डिनरला काय मागवावं?

कुस्कोत शाकाहारी जेवण सहज मिळतं, सान ब्लासमध्ये तर निव्वळ शाकाहारी हॉटेलंही आहेत. अडचण शब्दांची येते. ‘सिन कार्ने’ म्हटलं की फक्त लाल मांस वगळून चिकन येऊ शकतं. म्हणून ‘नि पोयो, नि पेस्कादो’ (चिकन नको, मासे नकोत) आणि सुपाबद्दल ‘सिन काल्दो दे कार्ने’ (मांसाचं पाणी नको) असं स्पष्ट सांगा. किनोआचं सूप पुष्कळदा मांसाच्या पाण्यातच शिजवतात.

चोक्लो कोन केसो म्हणजे टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि ताजं चीज. पापा आ ला वान्काइना म्हणजे बटाट्यावर पिवळ्या मिरचीचा चीजयुक्त रस्सा. वर अंडं ठेवतात, नको असेल तर आधी सांगा. गोडात पिकारोनेस सोडू नका. रताळं आणि भोपळ्याच्या पिठाची तळलेली कडी आणि वर उसाच्या गुळाचा पाक. बटाटा, शेंगदाणा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, हे सगळं दक्षिण अमेरिकेतूनच जगभर पसरलं, म्हणजे आपल्या उपवासाच्या खिचडीचं माहेर याच खंडातलं.

जैन जोडप्यांना इथे खरोखर कठीण जातं, कारण स्वयंपाकाचा पायाच कंदमुळांवर आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि सान पेद्रोच्या मंडईतून फळं, मका, किनोआ आणा.

१०. पिस्को सावर आणि कोकाचा चहा, दोन्ही चालतील ना?

पिस्को सावर हे द्राक्षांच्या दारूचं लिंबू घातलेलं पेय. वरचा फेस अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असतो, अंडं न खाणाऱ्यांनी चिल्कानो, म्हणजे जिंजर एल घातलेलं पिस्को, मागवावं. दोन्ही दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतरच.

कोकाच्या पानांचा चहा पेरूत कायदेशीर आहे आणि हॉटेलात आल्या आल्या पुढे येतो. पण नोकरीत अमली पदार्थांची तपासणी होत असेल तर तो घेऊ नका, चाचणीत दिसतो. त्याऐवजी मुन्याचा चहा मागा. पुदिन्याच्या कुळातली ही डोंगरी वनस्पती पोटाला चांगली.

११. रात्री तारे बघायला जाण्यात अर्थ आहे का?

कोरड्या महिन्यांत, अमावास्येच्या आसपास, नक्की जा. साक्सायवामान या शहरावरच्या इंका तटबंदीच्या वरच्या बाजूला एक छोटं तारांगण आहे, आधी नोंदणी केली की शहरातून नेऊन-आणून सोडतात. इंका लोक आकाशगंगेला नदी मानत, आणि ताऱ्यांच्या आकृत्यांबरोबरच तिच्यातल्या काळ्या डागांतही प्राणी बघत. त्यातली लामा (अँडीजमधला उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी) ओळखायला सोपी, मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे तिचे डोळे. महाराष्ट्रातून जेमतेम क्षितिजावर दिसणारा त्रिशंकू इथे चांगला वर आलेला असतो.

१२. शहराबाहेर एकच दिवस आहे. कुठे जावं?

चिंचेरो, मोराय आणि मारास, एवढंच. टूरवाले त्यात पिसाक आणि ओयान्तायताम्बोही कोंबतात, मग दिवस गाडीतच जातो. दोघांसाठी टॅक्सी ठरवा.

चिंचेरोत विणकर बायका लोकर रंगवून दाखवतात. निवडुंगावरचा कोचिनील हा पांढुरका किडा तळहातावर चिरडला की गडद लाल रंग उतरतो, त्यावर लिंबाचा थेंब पडला की तो नारिंगीकडे झुकतो. मोरायला एकात एक वर्तुळाकार पायऱ्यांची इंकांची शेती आहे. मारासला खाऱ्या झऱ्याचं पाणी डोंगरउतारावरच्या तीन हजारांहून अधिक वाफ्यांत सोडतात आणि वाफे स्थानिक कुटुंबं सांभाळतात. तिथे दुपारी चारनंतर जा. पावसाळ्यात वाफे मातकट असतात, तेव्हा मारास वगळलं तरी चालेल.

विनिकुन्का, म्हणजे इंद्रधनुषी डोंगर, ५,००० मीटरवर आहे. फोटो छान येतात, पण दोघांपैकी एकालाही उंचीचा त्रास होत असेल तर हट्ट करू नका.

१३. कोणकोणती तिकिटं लागतात?

‘बोलेतो तुरिस्तिको’ हे एकत्रित तिकीट परदेशी प्रौढांना १३० सोलला (सोल हे पेरूचं चलन) मिळतं, १६ ठिकाणं आणि दहा दिवस. साक्सायवामान, मोराय, चिंचेरोचे अवशेष त्यात येतात. कोरिकांचा, कॅथेड्रल, मारासची मिठागरं आणि माचू पिक्चू येत नाहीत. चौकातल्या कॅथेड्रलचं, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चचं, तिकीट वेगळं काढा, तिथल्या मार्कोस सापाता याच्या येशूच्या ‘शेवटच्या भोजना’च्या चित्रात ताटात भाजलेला कुय, म्हणजे गिनीपिग, आहे.

१४. रात्री उशिरापर्यंत फिरणं सुरक्षित आहे का?

मुख्य चौक आणि आसपासचे रस्ते रात्रीही गजबजलेले असतात. वरच्या वस्त्यांतल्या पायऱ्या, बघण्याच्या उंच जागा आणि साक्सायवामानकडची वाट अंधारात टाळा. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा किंवा हॉटेलातून बोलावून घ्या. आणि खोली घेताना हीटर आहे का ते विचारा, पुष्कळ जुन्या घरांत नसतो.

१५. आमचं लग्न झालेलं नाही. हॉटेलात विचारतील का? रस्त्यात हात धरलेला चालतो?

कुणी विचारत नाही. पासपोर्ट दोघांचे लागतात, ते दाखवल्यावर परदेशी पर्यटकांना खोलीवरचा १८ टक्के कर माफ असतो. हात धरणं, बाकावर मिठी मारून बसणं याकडे कुणी वळून बघत नाही. चर्चमध्ये मात्र संयम ठेवा.

१६. सगळीकडे सप्तरंगी झेंडे दिसतात. म्हणजे समलिंगी जोडप्यांसाठी शहर मोकळं आहे ना?

तो कुस्को शहराचा स्वतःचा झेंडा आहे. त्यात सात पट्टे असतात, प्राइडच्या प्रचलित झेंड्यात सहा. पेरूत समलिंगी विवाहाला मान्यता नाही. पर्यटकांच्या भागातली हॉटेलं एक खोली द्यायला खळखळ करत नाहीत, पण समाज बराच पारंपरिक कॅथलिक आहे. उघड जवळिकीबाबत तुमचा अंदाज तुम्हीच घ्या.

१७. माचू पिक्चूवर प्रपोज करायचं आहे. जमेल?

जमेल, पण मी दुसरी जागा सुचवेन. तिकिटं ठरलेल्या वेळेची आणि ठरलेल्या मार्गाची असतात, मागे फिरता येत नाही, ड्रोन आणि ट्रायपॉडला बंदी आहे आणि प्रसिद्ध जागेवर मागे रांग असते. पावसाळ्यात धुकं आलं तर समोरचं माणूससुद्धा पुसट दिसतं. सान क्रिस्तोबालचं पटांगण (प्रश्न ६) किंवा सापान्तियाना (प्रश्न ५) इथे ‘हो’ ऐकायला कुणी घाई करत नाही. अंगठी चेक-इनच्या सामानात टाकू नका.

१८. पाचामामाच्या, म्हणजे धरतीमातेच्या, साक्षीने लग्नविधी करतात म्हणे. तो कायदेशीर असतो का?

नाही. कायदेशीर लग्न नगरपालिकेत होतं आणि परदेशी व्यक्तींना बरीच कागदपत्रं लागतात. हा विधी प्रतीकात्मक आहे. पाको म्हणजे तिथला पुजारी देस्पाचो मांडतो: कागदावर बिया, गोड पदार्थ, लोकर, फुलं आणि कोकाची तीन-तीन पानं. त्या तीन पानांच्या जुडीला किंतु म्हणतात, तिच्यावर दोघांनी फुंकर घालून डोंगरांचं नाव घ्यायचं. मग सगळं गुंडाळून जाळतात किंवा पुरतात. तिथल्या लोकांसाठी ही खरीखुरी पूजा आहे. फोटोसाठी म्हणून करू नका, आणि विधी चालू असताना मोबाइल खिशात ठेवा.

१९. विधीतली किंवा चहाची कोकाची पानं आठवण म्हणून घरी आणू का?

अजिबात नको, चहाच्या पुड्यासुद्धा नकोत. भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं आणि अमेरिकेतही बंदी आहे. आणायचंच असेल तर मारासचं गुलाबी मीठ, चुन्चो कोकोचं चॉकलेट किंवा चिंचेरोच्या बाईने तुमच्यासमोर विणलेला पट्टा आणा. पट्ट्याची किंमत फार पाडून मागू नका, हाताने विणायला दिवसच्या दिवस जातात.